नानांची फटमोहीम

शेजारच्या नानांनी घरातल्या फटी बुजवायला काढल्यात, हे आम्हाला आधी वासावरून कळलं. सकाळी चहाचा कप घेऊन अंगणात आले, तर कुंपणापलीकडून आंबट, नाकात झोंबणारा वास. मी म्हटलं, "माई, या दिवसांत कसलं लोणचं घातलंत? व्हिनेगरचा वास येतोय." तर माई जास्वंदीच्या आडून हळू आवाजात म्हणाल्या, "लोणचं कुठलं गं! सिलिकॉन आहे ते. तुझे नाना खिडक्या पॅक करतायत. सकाळपासून ती सिलिकॉनची बंदूक घेऊन फिरतायत घरभर. तू काही बोलू नकोस हं, ऐकू जाईल."

बोलू नकोस म्हटलं की बोलण्यासारखं बरंच असतं. मी कप कठड्यावर ठेवला.

नाना म्हणजे निवृत्त ओव्हरसियर. जन्मभर कालव्यांची गळती शोधली, आता घरातल्या वाऱ्याची शोधतायत, हे माईंचं म्हणणं. मागचा अख्खा हिवाळा दोघं लेकीकडे लीड्सला होती. तिथून येताना माईंनी नातवाचे फोटो आणले आणि नानांनी रबराच्या पट्ट्यांची रिळं. कस्टमवाल्यानं विचारलं तर काय सांगायचं, या काळजीनं माई विमानात झोपल्या नाहीत म्हणे.

आता नाशकात असल्या पट्ट्यांचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. पण डिसेंबर लागला की आमच्याकडे सकाळचा पहिला विषय निफाडचा आकडा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहावर उतरला की पेपरात चौकट येते. द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक सुरू करतात, थंडीनं मणी तडकू नयेत म्हणून. द्राक्षांची एवढी बडदास्त ठेवणारा आमचा जिल्हा, पण माणसांची घरं मात्र फक्त मे महिना डोळ्यापुढे ठेवून बांधलेली. वारा आला पाहिजे, समोरासमोर खिडक्या पाहिजेत, वर व्हेंटिलेटर पाहिजे. उरलेल्या दोन महिन्यांसाठी गोधडी आहेच!

आमच्या कॉलनीतले बंगले जुने. सागवानी चौकटी, लोखंडी गज, लाकडी झडपांत बसवलेली काचेची तावदानं. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि दर वेळी रंधा मारून मारून मिस्त्री झडप थोडी थोडी खातो. तावदानाभोवतीची लुकण वाळून पोपडे पडलेले. नानांच्या दिवाणखान्याच्या दाराखालून तर पाल अंग न चोरता ये-जा करते. पालीला जी फट पुरते ती वाऱ्याला पुरून उरते. गंगापूर धरणाकडून पहाटे वारा सुटला की त्यांच्या हॉलमधलं कॅलेंडर भिंतीवर फडफडतं, हे मी स्वतः पाहिलंय.

तर लीड्स. ते घर शंभरएक वर्षांचं, लाल विटांचं, दोन्ही बाजूंना दुसऱ्यांची घरं चिकटलेली. माई सांगत होत्या, "बाहेरून बघशील तर काय देखणं! आणि आत पाय ठेवला की थंडी पायातून वर. डिसेंबरात दुपारी पावणेचारला दिवे लावायचे. हीटर धडाधडा चालू, बिल धडाधडा चालू, आणि सोफ्यावर बसलं की मानेवर कुणीतरी फुंकर घालतंय. मी आधी घाबरलेच. जुनं घर, म्हटलं कोण असेल कोण जाणे."

ते भूत जावयानं पकडलं. कसं, ते ऐकण्यासारखं आहे. माईंनी देवासाठी नेलेला उदबत्तीचा पुडा त्यानं मागून घेतला. बाहेर जोराचा वारा होता तो दिवस निवडला, हीटर बंद केले, दारं-खिडक्या लावून घेतल्या, आणि पेटती उदबत्ती घेऊन चौकटींच्या कडेनं सावकाश फिरला. धूर सरळ वर गेला तर ठीक. धूर आडवा पळाला की तिथे फट. भिंत आणि जमीन मिळते तिथल्या लाकडी पट्टीखाली, जिन्याखालच्या कपाटात, पाण्याचे पाइप भिंतीत शिरतात तिथे, इतकंच काय, विजेच्या सॉकेटमधूनसुद्धा वारा! दारात पत्रं टाकायची खाच असते ना तिकडे, तिच्यातून तर धूर सपकन आत उडाला. माई म्हणाल्या, "देवापुढे कधी इतक्या भक्तीनं उदबत्ती ओवाळली नसेल त्यानं."

नाना तोवर पलीकडून येऊन उभे राहिले होते. हातात बंदूक, कपाळावर चष्मा. ओव्हरसियरला विषय मिळाला की त्याला थांबवायचं नसतं. "खरी गंमत वरच्या मजल्यावर," ते म्हणाले. "माळ्यावर चढायचं जे झाकण असतं, त्याच्याशी उदबत्ती नेली तर धूर बाहेर खेचला गेला. का? गरम हवा हलकी, ती वर चढणार. वरच्या फटीतून ती निसटली की तेवढीच गार हवा खालच्या फटीतून आत ओढली जाणार. म्हणजे तुझ्या मानेवरचा वारा खिडकीतून येतोय, पण त्याला बोलावतोय कोण? माळा. लोक खालच्या खिडक्या बुजवत बसतात आणि माळ्याचं झाकण तसंच. मग म्हणतात, पट्ट्या लावून काही फरक पडला नाही."

हे मला पटलं. आपल्याकडे कौलारू घरात हिवाळ्यात चुलीजवळ बसलं तरी पाठ गार का पडायची, ते आत्ता कळलं.

मग जावयानं माळ्याच्या झाकणाला रबर लावलं. पत्रपेटीच्या खाचेला आतून केसाळ ब्रश बसवला, किल्लीच्या भोकाला फिरती चकती. धुराडं होतं, वापरात नसलेलं. त्यात मेंढीच्या लोकरीचा जाड बोळा खालून ढकलून बसवला. आणि त्या बोळ्याला एक लांब दांडी खाली दिसेल अशी लोंबती ठेवली. कशाला? उद्या कुणी हौसेनं तिथे लाकडं पेटवायला गेलं तर आधी ती दांडी डोळ्यांत भरावी. मला ही अक्कल फार आवडली. बुजवलेल्या भोकाची खूण ठेवावी हे आपल्याकडे कुणाला सुचतं!

खिडक्यांची कथा निराळी. तिकडच्या जुन्या खिडक्या बाहेर उघडत नाहीत, वर-खाली सरकतात. दोन झडपा एकापुढे एक, आणि चौकटीच्या पोटात दोरीला बांधलेली लोखंडी वजनं, म्हणजे झडप जिथे सोडाल तिथे थांबते. सरकायची म्हणजे थोडी ढिली असणारच. ढिली म्हणजे वारा. तिथे नुसतं सिलिकॉन मारलं तर खिडकी जन्माची बंद. म्हणून खाचेत बारीक ब्रशाची पट्टी बसवतात. झडप सरकते, वारा अडतो. आपल्या ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडकीला कडेनं जी केसाळ पट्टी असते, मिस्त्री लोक जिला वूल पाइल म्हणतात, ती त्याच जातीची. फक्त आपल्याकडे ती झडून गेली तरी कुणी बदलत नाही.

माईंचं कर्तृत्व मात्र दाराखाली. त्यांनी जुन्या सुती साडीची लांब पिशवी शिवली, आत चिंध्या ठासल्या, दोन्ही टोकं बांधली आणि दाराच्या बुडाशी आडवी टाकली. तिकडे असले कापडी साप दुकानात विकत मिळतात, पण नऊवारीच्या काठाचा साप कुठून मिळणार? शेजारची गोरी बाई बघायला आली आणि तिनं एक मागून घेतला. बदल्यात संत्र्याच्या मुरांब्याची बरणी दिली. "कडू होता गं," माई म्हणाल्या. "पण मनानं दिला."

नाना तिकडे नुसते बसून राहिले असते तर ते नाना कसले. एकदा घराभोवती चक्कर मारताना त्यांना भिंतीच्या पायथ्याशी भोकाभोकांची वीट दिसली. हात लावला तर वारा सरळ आत. "एवढी मोठी गळती आणि जावयाला दिसली नाही!" नानांनी शेडमधलं सिमेंट कालवलं, थापी घेतली, खाली वाकले. तेवढ्यात जावई नुसत्या मोज्यांवर बर्फातून धावत आला. त्या घरांची जमीन लाकडी फळ्यांची, खाली पोकळी, पोकळीत तुळया. त्या विटेतून वारा खेळतो म्हणून तुळया कोरड्या राहतात. ती बुजवली की काही वर्षांत तुळया कुजून दिवाणखाना तळघरात. माई म्हणतात, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नाना एखाद्याचं ऐकून थापी खाली ठेवतात हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"तसं म्हटलं तर," नाना विषय बदलत म्हणाले, "तिकडच्या लोकांनी अख्ख्या खिडक्याच विटांनी बुजवल्यात. जुन्या इमारतींवर दिसतात. चौकट आहे, पण आत वीट. मला वाटलं थंडीसाठी. तर म्हणे कर वाचवायला! १६९६ मध्ये राजानं खिडक्या मोजून कर लावला, तो १८५१ पर्यंत चालला." समोरच्या वहिनी एव्हाना फाटकापाशी येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हळू बोला नाना, आपल्या महापालिकेच्या कानावर जायचं."

वहिनी आल्या म्हटल्यावर आमच्या गप्पांची बैठक पूर्ण झाली. त्यांनी येताना मटार आणले होते सोलायला. कठड्यावर ताट ठेवलं आणि सगळ्यांचे हात चालू झाले. नानांचेसुद्धा.

मग निघाला बुरशीचा विषय, आणि इथे माईंचा आवाज बदलला. लेकीच्या ओळखीतलं एक मराठी जोडपं, नवंच आलेलं, छोट्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. थंडीला घाबरून त्यांनी घर अगदी डबाबंद केलं. खिडक्यांच्या वरच्या कडेला एक लांबट खाच असते, हवा झिरपायला मुद्दाम ठेवलेली. तिकडे २०२२ पासून नवी खिडकी बसवायची तर बहुतेक घरांत ती ठेवावीच लागते. यांनी तिच्यावर चिकटपट्टी मारली. आत रोज कुकरच्या शिट्ट्या, डाळ, भात, उकळता चहा, बाळाचे कपडे हीटरवर वाळत घातलेले. चार माणसांच्या घरात श्वास, स्वयंपाक, आंघोळी आणि कपडे मिळून दिवसाला आठ-दहा लिटर पाणी वाफ होऊन हवेत जातं. बादलीच झाली की एक! ते पाणी जाणार कुठे? सकाळी काचांवरून ओघळ. आणि कपाट सरकवून बघितलं तर मागची भिंत काळी. "लहान मूल त्या भिंतीला पाय लावून झोपायचं गं," माई म्हणाल्या.

लीड्सपासून तासाभरावर रॉचडेल म्हणून गाव आहे. तिथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीनं श्वासाचा विकार होऊन गेला. आईबापांनी तक्रारी केल्या होत्या. घर ज्या संस्थेचं होतं तिनं धरून चाललं होतं की हे तुमच्या राहणीमुळेच होतंय. २०२२ मध्ये मृत्यूच्या चौकशीत स्पष्ट झालं की त्या घरात हवा खेळायची सोयच पुरेशी नव्हती. त्याच्या नावानं तिकडे कायदा झाला. ऑक्टोबर २०२५ पासून संस्थांच्या भाड्याच्या घरांना तो लागू आहे. ओल आणि बुरशीची तक्रार आली की घरमालक संस्थेला ठरलेल्या मुदतीत तपासणी आणि दुरुस्ती करावी लागते, जिवावरचं असेल तर चोवीस तासांत. लेकीनं त्या जोडप्याच्या खिडकीची चिकटपट्टी स्वतः ओढून काढली आणि बजावलं, स्वयंपाक करताना झाकण ठेवा, पंखा लावा, आंघोळीनंतर पंधरा मिनिटं खिडकी उघडा, आणि कपडे वाळवायचे ते एकाच खोलीत, दार लावून, खिडकी उघडी ठेवून.

वहिनींनी विचारलं, "मग बुजवायचं तरी कशाला? एकीकडे पट्ट्या लावायच्या आणि दुसरीकडे खिडकी उघडायची?" प्रश्न चोख होता. नाना म्हणाले, "कालव्याला दरवाजे असतात ना? पाणी दरवाजातून सोडायचं, भरावातून झिरपू द्यायचं नाही. तुला पाहिजे तेव्हा, पाहिजे तिथून, पाहिजे तेवढं." मी मनात म्हटलं, अखेर कालवा आलाच. पण याहून सोपं करून कुणी सांगितलं नसतं. जर्मनीत तर याचं टोक गाठलंय म्हणे. डार्मस्टाट गावी १९९१ मध्ये अशी घरं बांधली की फटी जवळजवळ नाहीतच. पंख्यानं ठरावीक दाब देऊन घराची चाचणी घेतात आणि तासाभरात घरातल्या एकूण हवेच्या ०.६ पटीपेक्षा जास्त हवा झिरपली तर घर नापास. पण तिथे यंत्र बसवलेलं असतं, जे शिळी हवा बाहेर टाकताना तिची ऊब काढून घेऊन ताज्या हवेला देतं. यंत्र नसेल आणि खिडक्याही लावलेल्या असतील तर त्या घरांत हवा कोंडेल. आपण जर्मनांची नक्कल अर्धीच करतो, बुजवण्यापुरती.

माईंना हे सगळं नवीन नाही, हेही सांगून ठेवते. त्यांचं माहेर महाबळेश्वरचं. वर्षाला दोनशे इंचांवर पाऊस झेलणारं गाव. मे सरता सरता तिथे घराला चहूबाजूंनी गवताच्या झडी बांधायचे. भिंती, खिडक्या, पडवी, सगळं गवतात गुंडाळलेलं. चार महिने घरात दिवसा दिवा. "पण गवत श्वास घेतं गं," माई म्हणाल्या. "पाऊस अडायचा, चुलीचा धूर निघून जायचा. प्लॅस्टिक आलं आणि भिंतींना घाम फुटायला लागला."

आता नानांच्या नाशिकच्या मोहिमेचं ऐका. पट्टी लावण्याआधी चौकट पुसून, स्पिरिटनं धूळ-तेल काढून, वाळवून घ्यावी लागते, नाहीतर आठवड्यात सुटते. हे नानांनी पंचांगातला मुहूर्त पाळावा तितक्या कसोशीनं केलं. फोमची टेप स्वस्त, पण दोन हिवाळ्यांत चपटी होते. रबराची पोकळ पट्टी महाग, पण टिकते. फट किती ते बघायला कागदाची चिठ्ठी झडपेत धरून खिडकी लावायची आणि ओढायची. सहज निघून आली तर पट्टी हवी, अडकली तर नको. इथवर उत्तम. पण बेडरूमच्या दाराला त्यांनी सगळ्यात जाड पट्टी लावली. परिणाम असा की आता कडी लागायला नानांना खांदा द्यावा लागतो. "रात्री साडेदहाला जो धाडकन आवाज येतो, तो हाच का?" वहिनींनी विचारलं. "आम्हाला वाटायचं..." पुढचं त्या बोलल्या नाहीत आणि माईंनी मटाराच्या शेंगांत मान घातली.

दुसरी गंमत मागच्या स्लायडिंग खिडकीची. खालच्या ट्रॅकमध्ये बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात. नानांनी तीही सिलिकॉननं भरली. ती भोकं पावसाचं पाणी बाहेर जायला असतात, नाना! ट्रॅक भरला की जुलैमध्ये पाणी थेट गादीवर. हे मी म्हटल्यावर नाना क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मला माहीत आहे. पावसाळ्याआधी उघडणार होतो." पाचच मिनिटांत पेचकस घेऊन गेले आणि उघडून आले. आता बोला.

पैशाचं म्हणाल तर मिस्त्रीनं यूपीव्हीसीच्या नव्या खिडक्यांचा जो आकडा सांगितला होता, तो ऐकून नाना दोन दिवस जेवणात मीठ कमी-जास्त झालेलंही बोलले नाहीत. त्या मानानं पट्ट्या, ब्रश आणि ताजी लुकण म्हणजे किरकोळ. आणि माझं मत विचाराल तर हा खर्च थंडीत नाही, मे महिन्यात वसूल होतो. एसीची गार हवा जड, ती दाराखालून हळूच व्हरांड्यात जाऊन बसते आणि आपण रिमोट बडवत राहतो. शिवाय धूळ कमी, डास कमी, आणि पाल उपाशी.

इतकं सगळं हसतखेळत चाललं होतं. मटार संपत आले होते. माई सहज म्हणाल्या, "पण बाकी काही म्हण, आंघोळीचं मात्र सुख झालं. बाथरूमच्या व्हेंटिलेटरमध्ये यांनी जुनी उशी कोंबलीय. आत काय ऊब धरते!"

मी विचारलं, "माई, तुमचा गिझर कुठला?"

"गॅसचा. बाथरूममध्येच आहे की. का गं?"

विचारता विचारताच त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. लीड्सच्या स्वयंपाकघरात बॉयलरजवळ लावलेलं ते छोटं पांढरं यंत्र त्यांनी हिवाळाभर पाहिलं होतं. जावयानं दाखवून सांगितलं होतं, हे किंचाळलं तर काही न बघता बाहेर पडायचं. आणि त्या बॉयलरला जळायला लागणारी हवा पाइपानं बाहेरून येते, धूरही पाइपानं बाहेर जातो. घरातल्या हवेशी त्याचा संबंध नाही. म्हणून तिथे फटी बुजवलेल्या चालतात. आपला भिंतीवरचा गॅस गिझर जळतो तो बाथरूममधल्याच हवेवर. ती हवा पुरेनाशी झाली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांची चुरचुर नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, गरगरतं. माणसाला वाटतं गरम पाण्यानं होतंय, पित्त झालंय. मग कळतं पण पाय उचलत नाहीत. आणि दाराला आतून कडी. दर हिवाळ्यात आपल्याकडच्या पेपरांत अशी एखादी बातमी असतेच, बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांची असते तशीच.

नाना म्हणाले, "पाच मिनिटांची तर आंघोळ."

"काढा ती उशी," माई म्हणाल्या. इतकंच. आवाज चढला नाही, पण आम्ही तिघांनीही मान खाली घातली. नाना स्टूल घेऊन आत गेले. उशी बाहेर आली, वर कोळिष्टकं. माई तिथेच थांबल्या नाहीत. त्यांनी गिझर मागच्या व्हरांड्यात काढून फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणायला प्लंबरला त्याच दुपारी बोलावलं. तो म्हणाला उद्या येतो. त्यांच्यातला उद्या म्हणजे परवा. तोवर स्वयंपाकघरात पातेलं तापवायचं आणि बादली आत न्यायची, असा हुकूम निघाला. वहिनी काही न बोलता घरी गेल्या. त्यांच्या बाथरूमच्या व्हेंटिलेटरला पुठ्ठा लावलेला असतो, तो रस्त्यावरून दिसतो. संध्याकाळी पाहिलं, तर नव्हता.

दिवाणखान्याच्या दाराखाली आता नऊवारीच्या काठाचा साप आहे. कॅलेंडर फडफडत नाही. नानांच्या पट्ट्या मी आमच्याकडेही लावून घेणार आहे, फक्त बारीक मापाच्या.

तुमच्याकडे गॅस गिझर बाथरूममध्ये असेल तर आज उठून तिथला व्हेंटिलेटर बघा. पुठ्ठा, उशी, पोतं, प्लॅस्टिक, जे असेल ते काढा आणि गिझर बाहेर हलवायची व्यवस्था करा. प्लंबर येईपर्यंत आधी दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, आणि मग आत जाऊन कडी लावा.